बारावा रिवेट

माझ्या सासऱ्यांना एकोणचाळीस वर्षांच्या नोकरीत एकही मेमो मिळाला नव्हता. हे मला लग्नाच्या बोलणीतच कळलं. मुलीचं शिक्षण, उंची आणि पत्रिका यांच्यामध्ये कुठंतरी नंदिनीच्या आत्यानं ते सांगितलं आणि आमच्या बाजूच्या सगळ्यांनी आदरानं माना हलवल्या. माझे वडील बँकेत होते. मेमो म्हणजे काय हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. किती, ते त्यांनी सांगितलं नाही.

पद्माकर मेस्त्री हे सासऱ्यांचं नाव. मुंबईच्या गोदीत, बोटी दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात ते अठराव्या वर्षी प्लेटिंग खात्यात उमेदवार म्हणून लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. प्लेटिंग म्हणजे बोटीच्या सांगाड्यावर लोखंडाचे पत्रे चढवणं. घरात कुणी कशात कमी पडलं की त्या मेमोचा उल्लेख व्हायचा. नंदिनीला बारावीला फिजिक्समध्ये दोन मार्क कमी पडले तेव्हा ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मला एक मेमो नाही." ती डॉक्टर झाली, याचं निम्मं श्रेय त्या न मिळालेल्या कागदाला द्यावं लागेल.

२०१३ च्या जूनमध्ये ते तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आयर्लंडला, ड्रोहेडाला आले. नंदिनी इथल्या हॉस्पिटलात भूल देते. मी रोज गाडीनं डब्लिनच्या सिटीवेस्टला जाऊन मीटिंगा घेतो, म्हणजे काम तेच, फक्त औषधाशिवाय. दिवसभर घरात एकटे सासरे. पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातली प्रत्येक कुरकुरणारी बिजागरी गप्प केली. दुसऱ्या आठवड्यात शेजाऱ्याची केली. तिसऱ्या आठवड्यात ते भिंतीवर बोटानं टकटक करून म्हणाले, "उपेंद्रराव, हे घर खोक्याचं आहे." मी म्हटलं, हप्ते मात्र दगडाचे आहेत. ते हसले नाहीत. बांधकामावर विनोद त्यांना चालत नसे.

मग जुलै उजाडला आणि आयर्लंडमध्ये ऊन पडलं. हे वाक्य वाटतं तितकं साधं नाही. त्या उन्हाविषयी लोक अजून बोलतात. सासरे सकाळी नदीकाठी फिरायला जाऊ लागले. एके दिवशी दुपारचं जेवण टळून गेल्यावर ते परतले. नखांत डांबर, शर्टावर गंज आणि चेहऱ्यावर, सासूबाई गेल्यापासून न दिसलेलं काहीतरी.

"नंदिनी गो," ते दारातूनच म्हणाले, "तुमच्या गावात आगबोटी बांधत होते, ठाऊक आहे?"

आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही त्या गावात पाच वर्षं राहत होतो आणि आम्हाला दोन सुपरमार्केटं आणि हॉस्पिटलचं पार्किंग ठाऊक होतं.

नदीकाठच्या एका जुन्या हॉलमागच्या अंगणात, प्लास्टिकच्या छपराखाली, त्यांना एक लोखंडी पत्रा दिसला होता. नऊ फूट लांब, तीन फूट रुंद, कडांना रिवेटांची, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची भोकं. पत्र्याशेजारी खुर्ची टाकून एक म्हातारा चहा पीत होता. सासरे आत शिरले आणि न विचारता पत्र्यावर हात फिरवू लागले. म्हाताऱ्यानं त्यांना हटकलं नाही. दुसरा कप आणला.

हा फिंटन कॅलन, निवृत्त पोस्टमन आणि स्थानिक इतिहास मंडळाचा अध्यक्ष. मंडळात एकूण सात जण, त्यातले चार चालते-फिरते. फिंटनचं इंग्रजी लाऊथ परगण्याचं, म्हणजे डब्लिनच्या माणसालाही अर्धंच कळेल असं. सासऱ्यांचं इंग्रजी गोदीतलं, त्यात नुसती नामं. पण प्लेट, फ्रेम, कील, बॉयलर ही नामं दोघांची एकच होती. क्रियापदांचा व्यवहार त्यांच्यात नव्हता आणि त्यावाचून चार दिवस काही अडलंही नाही. पाचव्या दिवशी अडलं, म्हणून शनिवारी मला दुभाषा म्हणून नेण्यात आलं.

अडलं होतं ते असं.

१८६६ साली ड्रोहेडाच्या लोखंडी कारखान्यानं 'एलेन बेलू' नावाची मालवाहू आगबोट बांधली. लांबी एकशे ब्याऐंशी फूट, एक फनेल, दोन डोलकाठ्या. वाफेवर पूर्ण विश्वास नव्हता म्हणून शिडंही ठेवलेली. नाव मालकाच्या बायकोचं. ती पाण्यात उतरली त्या दिवशी शाळांना सुट्टी होती आणि बँडवाले इतके प्याले होते की बोट शांतपणे उतरली, अशी नोंद आहे. पंधरा वर्षं तिनं इथून लिव्हरपूलला गुरं, लोणी आणि कापड नेलं आणि येताना कोळसा आणला. गुरं आणि कापड एकाच फेरीत नेल्याबद्दल कापडवाल्यांच्या तक्रारी आहेत, गुरांच्या नाहीत. १८८१ मध्ये ती विकली गेली आणि कागदांतून नाहीशी झाली. पुढचे कागद होते, ते डब्लिनच्या सरकारी दप्तरखान्यात १९२२ च्या यादवीत जळाले. या देशात कुठलीही गोष्ट सापडत नसेल तर ती त्या आगीत जळालेली असते.

त्यानंतर १८९४ च्या डिसेंबरात 'केस्ट्रल' नावाची एक आगबोट कोळसा घेऊन येताना वादळात सापडली आणि नदीच्या मुखाशी वाळूत रुतून मोडली. माणसं सगळी वाचली. कोळसाही वाचला असावा, कारण त्या हिवाळ्यात मुखाजवळच्या एकाही घरात थंडी नव्हती आणि कोळसा कुठून आला ते कुणालाही आठवत नव्हतं. तिचा एक पत्रा एका शेतकऱ्यानं ओढून नेला, डांबर फासलं आणि ओहोळावर साकव म्हणून टाकला. शंभर वर्षं त्यावरून गाई गेल्या. तोच हा पत्रा.

आता मुद्दा. फिंटनचे पणजोबा मॅथ्यू कॅलन त्या कारखान्यात प्लेटर होते. 'एलेन बेलू'चे पत्रे त्यांनी चढवले होते. वादळानंतरच्या सकाळी सगळं गाव वाळूवर जमलं, तेव्हा चोपन्न वर्षांचे मॅथ्यू त्या मोडक्या बोटीजवळ गेले, तिच्या अंगावर हात ठेवला, टोपी काढली आणि म्हणाले, "ही आपली आहे. ही एलेन आहे."

लोकांनी त्यांच्या तोंडाचा वास घेतला आणि मान हलवली. वास खरा होता. तेव्हापासून चार पिढ्या कॅलनांच्या घराण्यावर ही थट्टा चालू आहे. गावात कुणी भलतंच काही ओळखल्याचा दावा केला की लोक म्हणतात, मॅथ्यूची टोपी काढली बघ यानं. फिंटननं पत्रं वाटत चाळीस वर्षं ही थट्टा दारोदार ऐकली आणि निवृत्त झाल्यावर पणजोबांचं म्हणणं खरं करून दाखवायचं ठरवलं.

अडचण अशी की 'केस्ट्रल' दोनशे चौदा फूट लांब होती. बेलफास्टच्या एका तज्ज्ञानं फिंटनला कळवलं होतं की बोटी नाव बदलतात, मालक बदलतात, पण वयात आल्यावर उंच होत नाहीत.

आणि घाई अशी की २०१३ हे आयर्लंडनं जगभरातल्या आपल्या वंशजांना घरी बोलावण्याचं वर्ष होतं. मंदीत तरुण पोरं देश सोडून चालली होती, तेव्हा सरकारनं पूर्वी गेलेल्यांच्या नातवंडांना आमंत्रण दिलं. त्यांना दाखवायला काहीतरी हवं म्हणून गावोगावी पाट्या लागत होत्या. ड्रोहेडाच्या धक्क्यावर 'केस्ट्रल'ची पाटी लागणार होती आणि नगरपालिकेच्या वारसा अधिकारी आयलीनबाईंनी मजकूर ठरवला होता: परगावची बोट, बांधणीचं ठिकाण अज्ञात. पाटी पुढच्या शुक्रवारी ओतायला जाणार होती. ब्राँझची पाटी. एकदा ओतली की पणजोबा कायमचे प्यालेले.

मी हे सगळं भाषांतर करून सांगितलं. सासरे ऐकत होते, पण नजर पत्र्यावर. मग म्हणाले, "त्या तज्ज्ञाला सांगा, बोट वाढते. मी वाढवली आहे."

त्यांनी जे सांगितलं त्यातलं मला समजलेलं असं, की बोट मधोमध उघडतात, दोन अर्धे भाग वेगळे ओढतात आणि मध्ये नवा तुकडा घालतात. सुक्या गोदीत त्यांनी स्वतः एक सपाट तळाची मालवाहू बार्ज अशी तीस फुटांनी वाढवली होती. फिंटन म्हणाला की त्यालाही हा संशय होता, पण पुरावा कुठाय?

"करंगळी घाला," सासरे म्हणाले.

मी घातली. सासऱ्यांच्या सांगण्यावरून लोखंडाच्या भोकात करंगळी घालणं हे माझ्या इंजिनीअरिंगच्या पदवीतलं पहिलं प्रात्यक्षिक. लांब कडेची भोकं एका बाजूनं लहान आणि पलीकडं मोठी लागत होती, नरसाळ्यासारखी. ती पंच मारून पाडलेली, सासरे म्हणाले, जुनी पद्धत. मग पत्र्याच्या डाव्या टोकाची भोकं पाहायला लावली. ती सरळ होती, वरून खालपर्यंत सारखी. ती ड्रिलनं पाडलेली, पुढच्या काळातली. त्या टोकाची कडही छिन्नीनं तोडलेली होती. एकाच पत्र्याला दोन पिढ्यांची भोकं. म्हणजे बोट आधी एकदा बांधली, पुढं कधीतरी या टोकाशी कापली आणि नवा तुकडा जोडला.

फिंटननं स्वतःची करंगळी सगळ्या भोकांत फिरवली. मग खुर्चीत बसला. तिथूनच म्हणाला, "ग्रँड." इथं चहा मिळाला तरी ग्रँड म्हणतात आणि बायको बाळंत झाली तरी ग्रँडच. हे दुसऱ्या प्रकारचं होतं.

पण सासरे खूश नव्हते. "उपेंद्रराव, त्याला सांगा, एवढ्यानं भागत नाही. ही बोट वाढवलेली आहे, एवढंच कळलं. कुणाची, ते कुठं कळलं? ग्लासगोत बांधून कुठंही वाढवली असेल."

ते पुन्हा पत्र्याच्या लांब कडेला उकिडवे बसले. वय अडुसष्ट. एका भोकावर अंगठा, पुढच्यावर मधलं बोट, असं मापत ते कडेनं सरकत गेले. थांबले. मागं आले. पुन्हा मापलं. मग माझ्याकडं टेप मागितली. भोकांमधलं अंतर तीन इंच होतं. अकरा वेळा तीन इंच आणि बाराव्या वेळी अडीच. मग पुन्हा अकरा वेळा तीन, बाराव्याला अडीच. खालच्या कडेलाही तेच.

"फर्मा," ते म्हणाले.

फर्मा म्हणजे बारा भोकांची लाकडी पट्टी. ती पत्र्यावर ठेवायची, भोकांतून खुणा करायच्या, पट्टी संपली की टोकाला टोक लावून पुढं सरकवायची. हा पत्रा आखणाऱ्या माणसाच्या पट्टीचं एक टोक अर्धा इंच झिजलेलं होतं, त्यामुळे दर वेळी पट्टी सरकवली की एक रिवेट शेजाऱ्याला चिकटला. जोडीच्या पत्र्यालाही तीच पट्टी लावलेली, म्हणून भोकावर भोक बसलं आणि काम खपून गेलं.

"खपून गेलं नसणार," सासरे म्हणाले. "एवढी चूक बोट तपासणारा सर्वेयर सोडत नाही. कुणीतरी बोंब मारली असणार, आणि ती लिहून मारली असणार. तक्रारीची फाईल कुठाय?"

मी विचारलं. फिंटन कपात बघत म्हणाला की कारखान्याची कागदपत्रं मंडळाकडे आहेत, ती हॉलमध्ये मांडलीच आहेत. करार, नकाशे, उद्घाटनाची निमंत्रणपत्रिका. सासरे म्हणाले, ते पाहिलं. ते चांगले कागद आहेत. मला वाईट हवेत. आमच्या गोदीत प्रत्येक बोटीची सगळ्यात जाड फाईल तक्रारीची. ज्या बोटीची तक्रार नाही ती बांधलीच नाही, असं समजायचं.

"काही नाहीये," फिंटन म्हणाला.

चाळीस वर्षं पत्रं वाटलेल्या माणसाला खोटं बोलायची सवय नसते. त्याची नजर दोनदा हॉलच्या दाराकडं गेली. हे भाषांतर करायची गरज पडली नाही.

सासरे उठले, गुडघे झटकले आणि पत्र्यावरच बसले. मला म्हणाले, "आता मी सांगतो ते जसंच्या तसं सांगा. मधे आपलं काही घालू नका. आणि नंदिनीला सांगायचं की नाही ते मी बघेन."

मी जसंच्या तसं सांगितलं. एक्काहत्तर साली, सव्विसाव्या वर्षी, त्यांना एक जुनी रिवेटांची कोळसाबार्ज दुरुस्तीला मिळाली. त्यांच्या पोलादी पट्टीचा पहिला इंच तुटलेला होता, म्हणून ते एकाच्या आकड्यापासून मापायचे आणि शेवटी एक वजा करायचे. एका सकाळी वजा करायचं राहिलं. तळाच्या जोडावरचा एक रिवेट इंचभर भलतीकडं गेला. सर्वेयरनं खडूनं गोल केला आणि दुसऱ्या दिवशी मेमो आला.

मी थांबलो. सासरे म्हणाले, "सांगा. मेमो."

मी सांगितलं. माझ्या आयुष्यात याहून अवघड भाषांतर मी केलेलं नाही.

"घरी कुणाला बोललो नाही," ते म्हणाले. "नंतर सगळ्यांना उलटंच सांगत राहिलो. एकदा सांगितलं की ते पुढं सांगावंच लागतं. नऊ वर्षांनी ती बार्ज पुन्हा सुक्या गोदीत आली. नाव बदललेलं, रंग बदललेला. मी तळाखाली शिरलो. चाळीस माणसांनी केलेलं काम, हजारो रिबीट, सगळे सारखे. कुणाचा कुठला, देवालाही ठाऊक नाही. त्यात माझा हात आपोआप त्या एकावर गेला. घट्ट होता. नऊ वर्षं समुद्रात, आणि पाण्याचा थेंब नाही. एकोणचाळीस वर्षांत मी जे केलं, त्यातलं माझं म्हणून ओळखता येईल असं तेवढंच."

मग त्यांनी फिंटनकडं पाहिलं आणि दुभाष्याला बाजूला सारून, थेट इंग्रजीत, एकही क्रियापद न वापरता विचारलं, "युअर ग्रँडफादर फादर. हँड ऑन बोट. व्हॉट प्लेस?"

फिंटननं कप खाली ठेवला. अंगणात नदीवरचे पक्षी ओरडत होते आणि मी नको तिथं उभा होतो. मग तो उठून हॉलमध्ये गेला. भिंतीतलं कपाट, ज्याला इथं प्रेस म्हणतात, उघडल्याचा आवाज आला. सगळ्यात वरच्या फळीवरून बिस्किटांचा डबा निघाला आणि डब्यातून एक निळसर कागद.

कागद विमा कंपनीच्या सर्वेयरचा होता, मार्च १८६६ चा. त्यात लिहिलं होतं की 'एलेन बेलू'च्या पत्र्यांवर दर बारावा रिवेट शेजाऱ्याच्या अर्धा इंच जवळ बसवलेला आहे. संबंधित प्लेटर कॅलन यास हे दाखवलं असता, बोट त्यामुळं बुडणार नाही असं उद्धट उत्तर त्यानं दिलं. आणि ही कारागिरी या कारखान्यास लाजिरवाणी आहे.

फिंटनला तो कागद अकरा वर्षांपूर्वी सापडला होता. त्यानं मंडळालाही दाखवला नव्हता. पणजोबा दारू प्यायचे एवढं गावाला ठाऊक होतं. आता ते कामातही चुकार होते, हे आपण होऊन कशाला सांगायचं? पणजोबांची अब्रू वाचवण्यासाठी त्यानं अकरा वर्षं पणजोबांचा पुरावा बिस्किटांच्या डब्यात दडवून ठेवला होता.

"ते प्यालेले होते," फिंटन हळूच म्हणाला. "पण त्यांना दिसलं होतं."

"दिसलं नाही," सासरे म्हणाले. "हाताला लागलं."

पुढचे पाच दिवस धावपळीचे होते. पत्र्यावर टेप ठेवून मी चोवीस फोटो काढले आणि कागदाच्या प्रतीसह बेलफास्टला पाठवले. तज्ज्ञानं दोन दिवसांनी कळवलं की ही शक्यता नाकारता येत नाही. फिंटन म्हणाला, युअर मॅन, म्हणजे इथल्या बोलीत तो माणूस, असं म्हणतो म्हणजे तो रडला असणार.

आयलीनबाई मात्र सहज वळल्या नाहीत. त्या अंगणात आल्या, करंगळी घातली, कागद वाचला आणि म्हणाल्या की बोट इथली ठरली हे उत्तमच, पाटी बदलू. पण रिवेटांचं आणि लाजिरवाण्या कारागिरीचं पाटीवर कशाला? बॉस्टन आणि मेलबर्नहून माणसं बोलावून त्यांना आपल्या चुका दाखवायच्या का? फिंटन म्हणाला, आपल्या बँकांच्या सगळ्या जगाला दाखवून झाल्याच आहेत. ही चूक निदान अठ्ठावीस वर्षं तरंगली. आयलीनबाईंनी सासऱ्यांना त्यांचं मत विचारलं. सासरे म्हणाले, चांगलं काम सगळे सारखंच करतात. मी भाषांतर केलं. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं आणि शुक्रवारी मजकूर बदलून गेला.

घरी हे सगळं मी नंदिनीला सांगितलं नाही. गुरुवारी रात्री जेवताना सासऱ्यांनीच सांगितलं. वरणाची वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "नंदिनी गो, एक मेमो होता."

तिनं चमचा खाली ठेवला. मी पापडात तोंड घातलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. पट्टी, इंच, बार्ज, नऊ वर्षांनंतरचा हात. मग विचारलं, "आणि माझे फिजिक्सचे दोन मार्क?"

"ते चुकलंच माझं," ते म्हणाले. चाळीस वर्षांत हे दुसरं कबूल केलेलं. तिनं उठून त्यांच्या पानात भात वाढला, त्यांना नको असताना. डॉक्टर झालेल्या मुली असंच करतात. नंतर भांडी घासताना मला म्हणाली, "बघितलंस, किती वर्षं घट्ट धरून ठेवलं होतं त्यांनी," आणि हे ती अभिमानानं म्हणाली की रागानं, ते मी विचारलं नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी पाटीचं अनावरण झालं. ऊन अजून होतं. लोक त्याच्याकडं संशयानं बघत होते. धक्क्यावर दोनशे माणसं. परदेशी वंशज हिरवे टीशर्ट घालून, स्थानिक लोक ते न घालता. हॉस्पिटलातून नंदिनीबरोबर आलेले चार मराठी डॉक्टर, ज्यांना एवढंच कळलं होतं की गावात पद्माकरकाकांची बोट सापडली आहे. मी दुरुस्त करायला गेलो, मग सोडून दिलं.

गोदीत बोट पाण्यात सोडताना नारळ फोडतात, म्हणून सासऱ्यांनी नारळ हवा म्हटलं. तो गावातल्या एशियन दुकानात मिळाला. तो पत्र्याच्या कडेवर फुटला, अर्धं पाणी आयलीनबाईंच्या बुटांवर गेलं आणि टाळ्या पडल्या. बॉस्टनच्या एका गृहस्थांनी, ही जुनी केल्टिक प्रथा का, असं विचारलं. फिंटननं शांतपणे हो म्हटलं.

मग फिंटननं सर्वेयरचं पत्र वाचलं. पत्र वाटणं आणि पत्र वाचणं यात फरक असतो. पहिली ओळ त्यानं कागदात डोकं घालून वाचली. पण 'संबंधित प्लेटर कॅलन' आला तेव्हा त्यानं मान वर केली आणि नाव असं उच्चारलं, जणू राणीनं सरदारकी दिली आहे. 'बोट त्यामुळं बुडणार नाही' यावर धक्का हसला. 'लाजिरवाणी' शब्दावर सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, मॅथ्यूसाठी टोप्या काढा. एकशे एकोणीस वर्षं त्या टोपीची नुसती थट्टा झाली होती. लोकांनी खरंच काढल्या. सासऱ्यांनी नंदिनीनं घेऊन दिलेली, नाही नाही म्हणत रोज घातलेली लोकरी टोपी काढली आणि छातीशी धरली.

कापड ओढलं गेलं. पाटीवर ओळी होत्या: आगबोट 'एलेन बेलू', पुढं 'केस्ट्रल'. या नदीकाठी, या गावातल्या माणसांनी बांधली, १८६६. इथंच परतली, १८९४. आणि खाली बारीक अक्षरांत, दर बारावा रिवेट.

आणि तेव्हा सगळ्यांना एकदमच दिसलं. पाटी दगडावर चार बोल्टांनी बसवली होती. तीन कोपऱ्यांत होते. चौथा, उजवीकडचा खालचा, दोन बोटं आत सरकलेला. नगरपालिकेचा माणूस कोपऱ्यात उभा होता. त्याचे कान लाल झाले. तो पुढं येऊन आयलीनबाईंना म्हणाला की दगडात तिथं गाठ होती, ड्रिल घसरलं. सोमवारी सकाळी काढून नीट बसवतो, कुणाला कळणारही नाही.

आयलीनबाईंनी फिंटनकडं पाहिलं. फिंटननं सासऱ्यांकडं पाहिलं. सासरे पाटीजवळ गेले, त्या बोल्टावर अंगठा ठेवून जोर दिला, डावीकडं, उजवीकडं. तो हलला नाही. त्यांनी त्या माणसाचं नाव विचारलं. तो म्हणाला, डेक्लन.

"घट्ट आहे," सासरे माझ्याकडं वळून म्हणाले. "डेक्लनला सांगा, हात लावू नकोस."